आडगावातील गुन्हा : मराठी रहस्यकथेच्या ग्रामीण वळणाची मीमांसा

मराठी रहस्यकथेचा पिंड शहरी आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांच्या हजाराहून अधिक पुस्तकांतील झुंजार आणि काळापहाड हे नायक प्रामुख्याने मुंबईच्या वस्तीत वावरतात. तेथील रहस्य अनोळखीपणातून जन्मते. शेजारी कोण राहतो हेच ठाऊक नसल्याने गुन्हेगाराला मुखवटा घालणे सोपे जाते. मग दूरच्या खेड्यातील गुन्ह्याची कथा वाचकाला का ओढून घेते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९२ मधील ‘कॉपर बीचेस’ या कथेत शेरलॉक होम्स आगगाडीतून निसर्गरम्य शेतघरे पाहतो आणि अस्वस्थ होतो. शहरात किंकाळी शेजाऱ्यापर्यंत पोहोचते, येथे ती कोणी ऐकणार नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. इंग्रजी वाचकाचे भय असे एकाकीपणाचे आहे. आपल्याकडील गावठाणाला मात्र हा तर्क लागू पडत नाही, कारण येथे घराला घर लागून असते आणि किंकाळी सर्वांनाच ऐकू येते.

खालापूर तालुक्यातील साजगावचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कार्तिकातील यात्रेमुळे प्रसिद्ध असलेल्या येथील देवाला ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. हे नाव कोणी यात्रेतील सुक्या बोंबलांच्या बाजारावरून आल्याचे सांगतात. दुसरी उपपत्ती तुकाराम महाराजांच्या मिरचीच्या व्यापाराशी आणि थकलेल्या उधारीसाठी देवाने ठोकलेल्या बोंबेशी जोडली जाते. या लोककथेचा ऐतिहासिक पुरावा शोधणे व्यर्थ होय. तथापि तिच्यातील समाजदृष्टी अचूक आहे. उधारी कोणी बुडवली हे गावात गुपित नव्हते. चारचौघांत ते उच्चारणारा कोणी नव्हता, म्हणून देवाला बोंब मारावी लागली.

हे उच्चारण्याचे काम शासनाने एका पदाकडे सोपविले होते. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावातील गुन्ह्याची खबर वर देण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर टाकली. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरा संपून नेमणूक आली. परंतु पाटील त्याच भावकीतला, त्याच पाणवठ्यावरचा. सर्व जाणणाऱ्या माणसानेच सर्व सांगावे, या अपेक्षेतच ग्रामीण गुन्हेकथेचे बीज आहे.

विजय तेंडुलकर लिखित आणि जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ (१९७५ च्या बर्लिन महोत्सवातील चित्रपट) या बीजाचा उत्तम विस्तार आहे. साखर कारखान्याच्या सत्तेखालील गावात एक माणूस नाहीसा झालेला असतो. त्याचे काय झाले, हा प्रश्न विचारतो तो बाहेरून आलेला, दारूत बुडालेला मास्तर. तो काही हेर नव्हे. गावाने न विचारलेला प्रश्न तो विचारतो, इतकेच. प्रेक्षकाची उत्कंठा गुन्हेगाराच्या नावापेक्षा गावाच्या मौनाभोवती अधिक घुटमळते.

याच दशकात वास्तवाने कल्पितावर मात केली. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे मुली व स्त्रियांचे खून होत राहिले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी पाठविण्यात आले. मानवत हे आडगाव नव्हे, बाजारपेठेचे गाव होते. पण गुप्तधन आणि नरबळी यांच्या चर्चेने महाराष्ट्राच्या कल्पनेत ते आडगाव झाले. या प्रकरणावर अमोल पालेकर यांचा ‘आक्रित’ (१९८१) आला आणि २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका. चार दशकांनंतरही कुतूहल ओसरलेले दिसत नाही.

या कुतूहलात धोकाही आहे. आडगाव म्हणजे अंधार, आणि अंधारात राहणारे ते संशयित, असे समीकरण लेखक सहज मांडतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु पारध्यांवरील शिक्का कथांतून पुसला गेला नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या गावठाणापासून दूर वसल्या आहेत. या मुलखावर रहस्यकथा लिहिणाऱ्याला संशयाची वाट आयतीच तिकडे नेते. ‘सामना’ मात्र त्या वाटेने जात नाही. त्यातील संशय गावातील सर्वांत मोठ्या वाड्याकडे वळतो.