ॲडलेडची हुर्यो आणि सिडनीच्या टाळ्या

शाळेच्या पटांगणात मुलांचा क्रिकेटचा डाव रंगात आलेला असतो. एवढ्यात एखादा थोराड मुलगा धाकट्याच्या अंगावरच नेम धरून चेंडू टाकू लागतो. धाकटा रडकुंडीला येतो, बाकीची पोरं ओरडतात, आणि थोराड ताठ मानेनं विचारतो, "अंगावर टाकू नये असं नियमात कुठं लिहिलंय?" गुरुजी, अशा वेळी तुम्ही तिथं उभे असलात तर काय निवाडा द्याल? झटकन उत्तर देऊ नका. हाच तंटा १९३३ साली दोन देशांमध्ये पडला होता, आणि तो सोडवताना भल्याभल्यांची भंबेरी उडाली.

त्याचं मूळ १९३० सालात आहे. ऑस्ट्रेलियाचा डॉन ब्रॅडमन त्या साली इंग्लंडात खेळायला गेला. एकवीस वर्षांचं वय. त्यानं पाच कसोटी सामन्यांत ९७४ धावा काढल्या. एका मालिकेत इतक्या धावा त्यानंतर आजतागायत कुणालाही जमलेल्या नाहीत. आता या गड्याला आवरायचा कसा? इंग्लंडच्या जाणत्यांना एकच आशेची जागा दिसली. ओव्हलच्या मैदानावर पावसानं भिजलेल्या खेळपट्टीवर उसळत्या चेंडूंपुढे तो थोडा चाचरला, असं काहींना वाटलं होतं. त्या डावातही त्यानं २३२ धावा केल्या होत्या, ही गोष्ट वेगळी!

१९३२ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला, तो डग्लस जार्डिन या कप्तानाच्या हाताखाली. हा जार्डिन जन्मानं मुंबईचा, मलबार हिलवरचा. त्याचे वडील मुंबईत वकिली करत. उंच, शिडशिडीत, बोलण्यात तुटक आणि हट्टाला पेटला की मागं न हटणारा असा हा गृहस्थ. त्याच्या हाती हुकमाचं पान होतं हॅरॉल्ड लारवुड. लारवुड नॉटिंगहॅमशरच्या खाणवाल्यांच्या वस्तीतला. वयाच्या चौदाव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला होता. उंचीनं बेताचाच, पण चेंडू असा सोडायचा की तो डोळ्याला दिसण्याआधी अंगाशी यायचा.

डावपेच साधा होता. फलंदाजाच्या पायांकडची जी बाजू, जिला लेग म्हणतात, तिथं सहा-सात गडी उभे करायचे, काही अगदी बॅटीला खेटून, तर काही सीमेपाशी. मग चेंडू आखूड टप्प्याचा, छातीच्या रोखानं उसळणारा टाकायचा. फलंदाजानं बॅट आडवी घातली तर जवळचा गडी झेल टिपणार, उंच टोलावला तर लांबचा, आणि काहीच केलं नाही तर चेंडू बरगडीत बसणार. तेव्हा डोक्याला शिरस्त्राण नव्हतं, एवढं ध्यानात धरा. ऑस्ट्रेलियाच्या वर्तमानपत्रांनी या माऱ्याला 'बॉडीलाइन' हे नाव दिलं. क्रिकेटच्या कायद्यात याविरुद्ध तेव्हा एक अक्षर नव्हतं.

पण हा मारा अंगावर होता तितकाच मनावरही होता. जार्डिन ते जाणून होता. तो वार्ताहरांना संघाची नावं आधी सांगत नसे, प्रेक्षकांकडे ढुंकून बघत नसे आणि डोक्यावर आपल्या ऑक्सफर्डच्या दिवसांची रंगीबेरंगी टोपी मुद्दाम मिरवत असे. लोक डिवचले जात, आणि डिवचलेले लोक त्याला जणू हवेच होते.

संघातल्या दोघांनी मात्र मान हलवली नाही. गोलंदाज गबी ॲलन म्हणाला, मी असा चेंडू टाकणार नाही. आणि आपल्याकडचे पतौडीचे नबाब, जे त्या वेळी इंग्लंडकडून खेळत होते, त्यांनी लेगच्या कोंडाळ्यात उभं राहायला नकार दिला. पतौडींनी पहिल्याच कसोटीत शतक काढलं होतं, तरी दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना बसवलं गेलं. इथं एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नका. ॲलन आणि पतौडी हौशी खेळाडू, घरचे सुखवस्तू. लारवुड पगारी. कप्तानाला 'नाही' म्हणणं त्याला कितीसं परवडणार होतं?

आता ॲडलेडला चला. १४ जानेवारी १९३३, शनिवार. मैदानात पन्नास हजारांवर माणूस. लारवुडचा एक चेंडू ऑस्ट्रेलियाचा कप्तान बिल वुडफुल याच्या काळजापाशी बसला. वुडफुल हा पेशानं शिक्षक, अतिशय सभ्य माणूस. हातातली बॅट गळाली, छाती दाबून तो वाकला. जार्डिननं त्या क्षणी मोठ्यानं म्हटलं, "छान टाकलास, हॅरॉल्ड!" समोरच्या टोकाला ब्रॅडमन उभा होता, आणि ते शब्द खरे त्याच्या कानांसाठी होते. लारवुडचं पुढचं षटक सुरू होताना सगळे गडी लेगकडे सरकले आणि मैदान पेटलं. हुर्यो अशी उठली की खेळाडूंना आपापसांत बोलणं ऐकू येईना.

त्या दिवशी इंग्लंडचे व्यवस्थापक वॉर्नर विचारपूस करायला गेले, तेव्हा वुडफुल म्हणाला की मैदानात दोन संघ आहेत, त्यातला एकच क्रिकेट खेळतो आहे. खोलीतले हे शब्द वर्तमानपत्रांत फुटले. सोमवारी यष्टिरक्षक बर्ट ओल्डफील्डच्या कवटीला चीर गेली. तेव्हा गडी लेगकडे नव्हते. चेंडू बॅटीची कड घेऊन उडाला होता, आणि लारवुडचा दोष नाही असं खुद्द ओल्डफील्डनं सांगितलं. पण लोकांना ते कोण समजावणार! कुंपण कमरेएवढं. एकानं उडी घेतली असती तर मागून हजारो गेले असते. लारवुडलाही तेच भय वाटलं होतं. पण एकानंही उडी घेतली नाही. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट मोठी वाटते.

मग तारायुद्ध झालं. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळानं १८ जानेवारीला लंडनला तार केली आणि तीत 'अखिलाडू' असा शब्द घातला. लंडनच्या मेरिलबोन क्लबला तो झोंबला. शब्द मागं घ्या, नाहीतर दौरा थांबवा, असा त्यांच्या उत्तराचा भाव. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं, अखेर ऑस्ट्रेलियानं शब्द गिळला. मालिका इंग्लंडनं ४–१ अशी जिंकली, आणि ब्रॅडमनची सरासरी छप्पन्नावर आली. एरवी शंभराच्या घरात राहणारा हा माणूस, तेव्हा डाव साधला म्हणायचा.

शेवटची कसोटी फेब्रुवारीत सिडनीला झाली. ज्याच्या नावानं सबंध देश बोटं मोडत होता, त्या लारवुडला दिवस संपता संपता फलंदाजीला धाडलं. दुसऱ्या दिवशी हा गोलंदाज अठ्ठ्याण्णवपर्यंत पोचला आणि बाद झाला. त्याबरोबर सिडनीचे प्रेक्षक उभे राहिले आणि तो आत जाईपर्यंत त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढं ऑस्ट्रेलियाच्या डावात लारवुडचा पाय जायबंदी झाला. त्याला चालवेना. पण ब्रॅडमन खेळतो आहे तोवर तू मैदान सोडायचं नाहीस, असा जार्डिनचा हुकूम. ब्रॅडमन बाद झाला तेव्हा दोघं बरोबरच बाहेर पडले; एक शब्द न बोलता.

लंडनच्या थोरांनी यातलं काहीच डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते दिसलं १९३३ च्या उन्हाळ्यात, मँचेस्टरला. वेस्ट इंडीजच्या कॉन्स्टंटाइन आणि मार्टिनडेल यांनी तोच मारा इंग्लंडवर केला. हॅमंडची हनुवटी फुटली. जार्डिननं मात्र ठोसे खात १२७ धावा काढल्या. माणूस आपल्या मताला जागला, हे कबूल करायला हवं. पण पाहणाऱ्यांची मतं फिरली.

त्याच वर्षी डिसेंबरात हाच जार्डिन इंग्लंडचा संघ घेऊन आपल्या जन्मगावी आला. हिंदुस्थानातली पहिली कसोटी मुंबई जिमखान्यावर झाली. लाला अमरनाथनं ११८ धावा काढल्या, तेव्हा लोक कुंपण ओलांडून आत धावले, पण ते आनंदानं. पुढं कलकत्त्याला दिलावर हुसेनच्या डोक्याला चेंडू लागला. तो बाहेर गेला आणि परत येऊन त्यानं ५९ धावा काढल्या.

म्हणजे कप्तानाला पुन्हा कप्तानी मिळाली. आणि लारवुडला? १९३४ साली त्याच्यापुढे माफीचा कागद ठेवला गेला. तो म्हणाला, मी कप्तानाचं सांगणं ऐकलं, माफी कशाची मागू? त्यानं सही केली नाही. सिडनीची ती कसोटी त्याची शेवटची ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेरिलबोन क्लबनं अंगावरचा थेट मारा गैर ठरवला, आणि १९५७ मध्ये लेगला यष्ट्यांमागे दोनच गडी ठेवता येतील असा नियम आला.

लारवुडनं पुढं ब्लॅकपूलला गोळ्या-मिठाईचं लहानसं दुकान घातलं. १९५० साली बायको आणि पाच मुलींना घेऊन तो कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला. बोट होती 'ओरोंटीस', १९३२ साली संघाला घेऊन गेलेली तीच. त्याची व्यवस्था लावून देण्यात पुढाकार होता जॅक फिंगल्टनचा, ज्यानं त्या मालिकेत त्याचे चेंडू अंगावर झेलले होते. उतरल्यावर हॉटेलचं अर्धं बिल माजी पंतप्रधान चिफ्ली यांनी गुपचूप भरलं. लारवुड सिडनीतच राहिला आणि १९९५ मध्ये तिथंच वारला. या दोन देशांच्या मालिकेला 'ॲशेस', म्हणजे रक्षा, म्हणतात. त्या नावावर कोटी करून जार्डिननं १९३३ साली त्याला चांदीचं रक्षापात्र भेट दिलं होतं. वर कोरलं होतं, कृतज्ञ कप्तानाकडून. लारवुडनं ते अखेरपर्यंत जपून ठेवलं होतं.