पेडेस्ट्रियन : पायी चालणाऱ्याची पत

'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी, हे आपल्याला रस्त्यावरच्या पाट्यांमुळे ठाऊक असते. पण इंग्रजीत एखाद्या पुस्तकाला किंवा भाषणाला पेडेस्ट्रियन म्हटले, तर ते नीरस, अगदी सामान्य आहे असा अर्थ होतो. पायी चालणाऱ्याने असे काय पाप केले?

याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे 'पेडेस्टर' म्हणजे पायी जाणारा आणि 'इक्वेस्टर' म्हणजे घोडेस्वार. घोडा हे ऐपतीचे लक्षण. साध्या गद्यालाही पेडेस्टर म्हणत. इंग्रजीत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द आला तो रटाळ लेखनासाठीच. चालणारा माणूस हा अर्थ त्या शतकाच्या अखेरीस रुळला.

पायासाठीच्या त्याच लॅटिन शब्दापासून बुद्धिबळातल्या प्याद्याचे इंग्रजी नाव 'पॉन' आले आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्या ऑफिसांतला 'प्यून'ही. दोघेही मुळात पायदळाचे शिपाई, मानाच्या उतरंडीत शेवटचे.

पण पुढे याच शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'पेडेस्ट्रियनिझम' म्हणजे चालण्या-धावण्याच्या शर्यती फार लोकप्रिय होत्या. 1809 मध्ये कॅप्टन बार्कले यांनी न्यूमार्केट येथे 1000 गिनींची पैज घेतली. 1000 तास, दर तासाला एक मैल, रात्रंदिवस. एक मैल तासाच्या शेवटी आणि पुढचा लगेच नव्या तासाच्या सुरुवातीला चालून ते मधे थोडी झोप काढत. सुमारे 42 दिवसांनी त्यांनी पैज जिंकली. तेव्हा पेडेस्ट्रियन म्हणजे गर्दी खेचणारा खेळाडू होता.

मग मोटार आली. 1896 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीच्या धडकेने मरण पावली. मोटारीखाली जीव गमावलेली ब्रिटनमधली ती पहिली पादचारी मानली जाते. अमेरिकेत तर 'जेवॉकर' हा शब्द निघाला. 'जे' म्हणजे गावंढळ. वाटेल तिथून रस्ता ओलांडणारा तो अडाणी! 1920 च्या दशकात मोटारवाल्यांनी या शब्दाचा भरपूर प्रचार केला. जो रस्ता तोवर सर्वांचा होता, त्यावर चालणाराच आता गुन्हेगार ठरू लागला. ब्रिटनमध्ये 1951 पासून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे झेब्रा क्रॉसिंग आले. चालणाऱ्याच्या वाट्याला हक्काचे तेवढे पट्टे आले.

आपल्याकडे पायी चालण्याला कमीपणा नव्हता. आपले साधू-साध्वी जन्मभर पायी विहार करतात, वारकरी पंढरपूरला पायी जातात, आणि त्यांच्या पाया पडायला गाडीवालाही खाली उतरतो. मात्र शहरात भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या बाईसाठी कोणी ब्रेक लावत नाही. फुटपाथवर स्कूटर उभ्या असतात, म्हणून ती रस्त्यावरून चालते, आणि वर हॉर्न ऐकते.

मैत्रिणींनो, घोडा गेला, मोटार आली, पण 'जो वर बसला तो मोठा' हा हिशेब तसाच राहिला. घरातल्या गाडी चालवणाऱ्या मुला-सुनांना एवढे जरूर सांगा : पट्ट्यांपाशी कोणी उभे दिसले, तर आधी त्यांना जाऊ द्या.