जॉयस्टिकची दुरुस्ती : संगणकाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

संगणकाच्या इतिहासलेखनात प्रक्रियक, स्मृती आणि कार्यप्रणाली यांनाच प्रामुख्याने स्थान मिळाले आहे. वापरणाऱ्याचा हात ज्या वस्तूवर प्रत्यक्ष विसावत असे, ती मात्र बहुधा अडगळीत गेली. आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्यासाठी ‘गेम कंट्रोल ॲडॅप्टर’ नावाचे एक ऐच्छिक कार्डही देऊ केले होते. या कार्डाला जोडली जाणारी जॉयस्टिक आज नादुरुस्त अवस्थेत हाती आली, तर तिची दुरुस्ती हे एका ऐतिहासिक साधनाचे वाचनच ठरते. हे वाचन चुकीचे होण्याचा धोकाही त्यात असतो.

या जॉयस्टिकच्या अंतरंगात फारसे काही नाही. दांड्याला काटकोनात जोडलेले दोन पोटेन्शिओमीटर, दोन बटणे आणि एक केबल, एवढाच हा संसार. दांडा हलला की पोटेन्शिओमीटरचा रोध शून्य ते १०० किलोओहम या मर्यादेत बदलतो. उरलेले अर्धे यंत्र संगणकातील कार्डावर असते. तेथे ०.०१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर या रोधातून प्रभारित होतो आणि ५५८ हा चौपदरी टायमर त्याला लागणारा काळ पकडतो. (हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ मध्ये रचलेल्या ५५५ या टायमरच्याच कुळातील हा घटक.) आयबीएमच्या तांत्रिक संदर्भग्रंथात यासाठी सूत्रच दिले आहे : २४.२ मायक्रोसेकंद अधिक ओहममधील रोधाची ०.०११ पट. म्हणजे पूर्ण १०० किलोओहमला सुमारे १,१२४ मायक्रोसेकंद. थोडक्यात, संगणक दांड्याची जागा पाहत नसे. तो केवळ वाट पाहत असे.

दुरुस्ती शक्य होते ती घटक साधे असल्यामुळे, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अपुरे आहे. घटक साधे असले तरी त्यांचे मूल्य ठाऊक नसेल तर ते निरुपयोगी ठरतात. आयबीएमने मंडलाचे आराखडे आणि सूत्रे छापून प्रसिद्ध केली, म्हणूनच चार दशकांनंतरही केवळ मल्टिमीटरच्या आधारे दोष शोधता येतो. केबल संगणकापासून सोडवून मोजणी केली असता रोध सलग बदलला पाहिजे. तो मध्येच उसळला, तर कार्बनचा पट्टा झिजला आहे किंवा त्यावर मळ साचला आहे, असे समजावे. मळ संपर्क-स्वच्छकाने निघतो. झीज निघत नाही. सरकता संपर्क पूर्णपणे सुटला तर रोध अनंत होतो, कपॅसिटर प्रभारित होत नाही आणि बंदरावरील संबंधित बिट एकवरच अडकून राहते. केबल मुळीच जोडलेली नसतानाही नेमके हेच घडते. मोडलेली जॉयस्टिक आणि नसलेली जॉयस्टिक यांतील फरक त्या संगणकाला कळतच नसे.

खरा प्रश्न नवा भाग बसवताना उभा राहतो. रेडिओच्या आवाजासाठी वापरला जाणारा १०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर सहज मिळतो, परंतु तो बहुधा लॉगरिथमिक असतो; येथे रेषीयच हवा. दुसरा मोह ॲपल टू (१९७७) या संगणकाच्या जॉयस्टिकमधील भाग वापरण्याचा. त्याचा रोध १५० किलोओहम. त्याला समांतर ३०० किलोओहमचा रोधक जोडला की कमाल मूल्य बरोबर १०० किलोओहम येते आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. मात्र पट्ट्याच्या मध्यावर ७५ आणि ३०० किलोओहम समांतर येऊन ६० किलोओहम होतात, ५० नव्हे. मूळ ५७४ मायक्रोसेकंदांच्या जागी संगणकाला ६८४ मायक्रोसेकंद मोजावे लागतात. खेळापूर्वीच्या समायोजनात ही तफावत बरीचशी झाकली जाते; पण दांड्याच्या दोन्ही बाजूंचा प्रतिसाद समान राहत नाही. अशा दुरुस्त वस्तूवरून त्या काळातील हाताळणीविषयी निष्कर्ष काढणारा अभ्यासक अज्ञानाने दुरुस्ती करणाऱ्याचाच इतिहास लिहील. म्हणून बदललेल्या प्रत्येक घटकाचे मूळ व नवे मूल्य नोंदवून ठेवणे आणि काढलेला भाग जपणे अगत्याचे आहे.

शिवाय प्रत्येक दोष जॉयस्टिकमध्येच असतो असेही नाही. अनेक खेळ बिट शून्यावर येईपर्यंत एक छोटे आवर्तन फिरवून त्याच्या फेऱ्या मोजत. मूळ पीसीचा ८०८८ प्रक्रियक ४.७७ मेगाहर्ट्झ गतीने चाले. १९८४ च्या पीसी एटीमधील ८०२८६ हा ६ मेगाहर्ट्झवर आणि कमी आवर्तांत तेच काम उरके. त्याच दांड्याच्या त्याच स्थितीसाठी फेऱ्यांची संख्या वाढे आणि निर्दोष जॉयस्टिक सदोष वाटू लागे. त्या काळात टाकून दिलेल्या जॉयस्टिकपैकी काही तरी या गैरसमजाच्या बळी असाव्यात, असे अनुमान करण्यास जागा आहे.

१९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाणक आले आणि वाट पाहण्याचे काम हळूहळू जॉयस्टिकच्याच पोटातील सूक्ष्मनियंत्रकाकडे गेले. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने जुन्या गेम पोर्टचा आधार काढून टाकला. आज रूपांतरक लावून जुनी जॉयस्टिक नव्या संगणकावर चालवता येते. परंतु तेव्हा रोधाचे मोजमाप रूपांतरक करतो आणि संगणकाला मिळतो तो तयार आकडा. मूळ वर्तन पाहावयाचे असेल, तर ५५८ टायमर असलेले कार्ड, त्या काळचा प्रक्रियक आणि योग्य मूल्याचा रेषीय पोटेन्शिओमीटर ही तिन्ही एकत्र आणावी लागतात.