घरी पाठवलेला रुग्ण

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोललो. आज मी क्षयरोगाबद्दल, म्हणजे टीबीबद्दल बोलणार आहे. मद्रासमध्ये १९५६ साली एक संशोधन केंद्र सुरू झाले. टीबीच्या रुग्णाने इस्पितळात राहायचे की घरी, हा प्रश्न तिथल्या प्रयोगाने साऱ्या जगासाठी सोडवला. पण त्या प्रयोगाचा धडा आपण अर्धाच घेतला, असे माझे म्हणणे आहे.

आधीची परिस्थिती पाहू. रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू १८८२ साली शोधला, पण त्याला मारणारे औषध यायला पुढे साठेक वर्षे लागली. तोवर उपाय म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस जेवण. त्यासाठी आरोग्यधामे उभी राहिली. लोक त्यांना सॅनेटोरियम म्हणत. अजमेरजवळ तिलोनियाला १९०६ साली, कुमाऊंच्या डोंगरात भवालीला १९१२ साली, मदनपल्लीजवळ आरोग्यवरमला १९१५ साली. कमला नेहरू भवालीला होत्या. तिथून त्यांना युरोपात नेले आणि २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान इथे त्यांचे निधन झाले. नेहरूंच्या घरची ही गत, तर गिरणीतल्या कामगाराचे काय होत असेल?

त्याचे उत्तर १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालात आहे. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म आपल्या नाशिकचा. समितीचा अंदाज असा होता, की देशात टीबीचे सुमारे २५ लाख रुग्ण आहेत, वर्षाला ५ लाख माणसे मरतात आणि खाटा आहेत जेमतेम ६,०००. म्हणजे चारशे रुग्णांमागे एक खाट. रुग्णालये बांधून हा हिशेब जुळणे कधीच शक्य नव्हते.

मग औषधे आली. आधी स्ट्रेप्टोमायसिन, मग पास, आणि १९५२ साली आयसोनियाझिड. आयसोनियाझिड स्वस्त आणि तोंडाने घ्यायचे. आता प्रश्न पडला, की गोळीच जंतू मारत असेल तर खाट हवी कशाला? तज्ज्ञांना दोन भीती होत्या. गरिबाच्या कोंदट खोलीत, अर्धपोटी राहून माणूस बरा होईल का? आणि तो घरात राहिला तर बायकामुलांना लागण होईल का?

मद्रासच्या केंद्रात भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद एकत्र आल्या. वॉलेस फॉक्स हे डॉक्टर प्रमुख होते. शहराच्या गरीब वस्तीतले दीडशेहून अधिक रुग्ण निवडले आणि कोण घरी, कोण सॅनेटोरियममध्ये, हे चिठ्ठी काढावी तसे ठरवले. औषध दोघांनाही तेच, एक वर्षभर. सॅनेटोरियममधल्यांना चांगले जेवण आणि आराम मिळाला. घरचे रुग्ण कमी खात होते, गर्दीत राहत होते, कामही करत होते.

निकाल १९५९ साली छापून आला. वर्षाअखेर सॅनेटोरियममधले ९२ टक्के रुग्ण सुधारले होते आणि घरचे ८६ टक्के. फरक अगदी थोडा. घरच्यांना लागण होण्याचे काय? त्या कुटुंबांवर पाच वर्षे नजर ठेवली. रुग्ण घरी राहिला म्हणून जास्त माणसे आजारी पडली नाहीत. धोका होता तो औषध सुरू होण्याआधीच्या दिवसांतला.

जगाने एवढेच लक्षात ठेवले, की रुग्णाला घरी ठेवता येते. पण तो प्रयोग चालवणाऱ्यांनी काय केले होते ते पाहा. आरोग्यसेविका घरोघर जात, न सांगता जात. गोळ्या मोजत. औषध खरोखर पोटात गेले का, हे लघवी तपासून बघत. घरी ठेवलेला प्रत्येक रुग्ण कुणाच्या तरी नजरेखाली होता.

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. घरी उपचार हे त्याचे सूत्र होते आणि ते योग्यच होते. पण महिन्याच्या गोळ्या हातात द्यायच्या आणि पुढच्या महिन्यात ये म्हणायचे, असे होऊ लागले. कर्नाटकात तुमकूर भागात केलेली एक पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसले, की टीबीची लक्षणे असलेले निम्म्याहून अधिक लोक आपणहून सरकारी दवाखान्यात गेले होते आणि बहुतेकांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले होते. लोक अडाणी आहेत, ते येतच नाहीत, हा समज खोटा ठरला. पुढे १९९२ साली कार्यक्रमाचा आढावा घेतला, तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करत असल्याचे आढळले.

हे आकडे वाचताना मला एक चेहरा आठवतो. त्याच काळात मी कंपनी कमांडर होतो. माझ्या कंपनीतला एक जवान टीबीतून सावरत होता. त्याला आजारी रजेवर गावी पाठवले, सोबत गोळ्या दिल्या. रजेच्या कागदावर सही माझी. तो परतला तेव्हा पुन्हा खोकत होता. औषध का सोडलेस, असे विचारले. म्हणाला, "साहेब, बरं वाटत होतं. आणि गावात कळलं असतं तर बहिणीचं लग्न अडलं असतं." पुढे त्याला नोकरी सोडावी लागली. त्या दोन महिन्यांत मी त्याला एक पोस्टकार्डही टाकले नव्हते. चौकीवर माणूस पाठवला की रोज त्याची खबर घ्यायची, हे मला शिकवलेले होते. रजेवरच्या आजारी माणसाची खबर घ्यायचे मला सुचले नाही.

१९९७पासून देशात डॉट्स पद्धत आली, म्हणजे कुणीतरी समोर बसून गोळी द्यायची. २००६पर्यंत ती देशभर पोहोचली. म्हणजे मद्रासच्या धड्याचा दुसरा अर्धा भाग शिकायला आपल्याला जवळपास चाळीस वर्षे लागली.

जेवणाचा मुद्दाही तसाच. गोळ्या नीट घेतल्या तर अर्धपोटी माणूसही बरा होतो, असे मद्रासने दाखवले. त्यातून आपण जेवण गौण मानले. २०२३ साली झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. रुग्णाच्या घरच्यांना धान्य, डाळ असा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. सरकार २०१८पासून रुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये देत होते, ते २०२४ साली १,००० केले. २०२२पासून कुणीही नागरिक निक्षय मित्र म्हणून रुग्णाला शिधा देऊ शकतो.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की बेळगावला, तुमच्या आसपास कुणीतरी हा सहा महिन्यांचा उपचार घेत असेल. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचा उपचार तर आयुष्यभराचा. इस्पितळाने त्यांना घरी पाठवले, ते बरोबरच केले. आता आठवड्यातून एकदा त्यांचे दार वाजवायचे आणि विचारायचे, गोळी घेतलीस का, जेवलास का. मद्रासच्या आरोग्यसेविका हेच करत होत्या. आणि गावात बोभाटा होऊ द्यायचा नाही, हे त्या जवानाने मला शिकवले.