युएफा यूरो १९९२ पात्रता – गट ४
स्वीडनमधील १९९२ च्या युरोपीय फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीतील हा गट होय. यात युगोस्लाव्हिया, डेन्मार्क, उत्तर आयर्लंड, ऑस्ट्रिया व फेरो द्वीपसमूह हे संघ होते. गटातील केवळ अव्वल संघ पात्र ठरणार होता. १२ सप्टेंबर १९९० रोजी नवख्या फेरोने पात्रतेच्या पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रियाला १–० असे नमवले. मायदेशी हिरवळीचे मैदान नसल्याने हा ‘घरचा’ सामना स्वीडनमधील लांड्सक्रोना येथे खेळवावा लागला. युगोस्लाव्हियाने १४ गुणांसह गट जिंकला. डेन्मार्क अवघ्या एका गुणाने मागे राहिला. तथापि ३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंध लादल्यामुळे युगोस्लाव्हियास वगळून डेन्मार्कला प्रवेश देण्यात आला. अशा रीतीने ऐनवेळी आलेल्या या संघाने २६ जून रोजी गोथेनबर्ग येथे जर्मनीचा २–० असा पराभव करून विजेतेपद मिळवले.