स्वादुपिंडातील गाठी : गरोदरपणातील शस्त्रक्रिया

जठरामागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडात गरोदरपणी गाठ सापडणे अतिशय विरळ. सापडलीच, तर ती नेहमीचा घातक कर्करोग असण्यापेक्षा तरुण बायकांत दिसणारी मंद गाठ असण्याची शक्यता अधिक. यांपैकी फ्रांट्झ गाठ १९५९ साली व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी नोंदवली. ती पूर्ण काढता आली, तर बहुतेक रुग्ण बऱ्या होतात. दुसरी श्लेष्मल द्रवाची गाठ. तिच्या भिंतीत अंडाशयासारख्या पेशी असून त्या संप्रेरकांना दाद देतात, म्हणून ती गरोदरपणात झपाट्याने वाढू शकते, क्वचित फुटते. इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीत पहिल्या महिन्यांत साखर उतरून भोवळ येते. पुढे वारेच्या संप्रेरकांमुळे त्रास दबतो आणि बाळंतपणानंतर उलटतो.

निदान उशिरा होते, कारण उलटी आणि पोटदुखी गरोदरपणाच्याच खात्यात जमा होतात. स्त्री रुग्णालय अमरावतीचे डफरीन असो किंवा अकोल्याचे लेडी हार्डिंग, सोनोग्राफीत नजर बाळावर असते आणि वाढलेले गर्भाशय व आतड्यातला वायू स्वादुपिंड झाकतात. वरच्या पोटातले दुखणे थांबत नसेल, तर प्रोब वर सरकवायलाच हवा. पुढची तपासणी रंगद्रव्याविना एमआरआयने होते. सिकलसेल आढळणाऱ्या मेळघाटातील रुग्णाची भुलीपूर्वी त्याची चाचणी टाळू नये. तो आजार स्वतःही पोटात कळा आणतो.

शस्त्रक्रियेला साधारण चौथा ते सहावा महिना सोयीचा. आधी गर्भपाताची भीती, नंतर गर्भाशयाची अडचण आणि अकाली प्रसूती. गाठ मंद वाटली, तर बाळंतपणापर्यंत थांबता येते. घातक असल्याची शंका, रक्तस्राव किंवा फुटण्याची चिन्हे असतील, तर थांबणे चूक. टेबलावर बाईला थोडे डाव्या कुशीकडे कलते ठेवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार महाशिरेवर पडत नाही. शेपटाकडची गाठ काढताना प्लीहा जमेल तर वाचवतात. डोक्याकडच्या गाठीसाठीची व्हिपल शस्त्रक्रिया फार मोठी. अशावेळी स्वादुपिंडाचे सर्जन, प्रसूतितज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता विभाग एकाच छताखाली हवेत. अमरावतीहून सुमारे दीडशे, अकोल्याहून अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूरला वेळीच पाठवण्यात कमीपणा नाही. खर्चासाठी आजच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधीच करावी. तिची मूळ राजीव गांधी योजना २०१२ साली सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता.

प्लीहा काढलेल्या बाईला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब यांच्या लसी द्याव्या लागतात, आणि पुढे साध्या तापालाही तातडीने डॉक्टर गाठावा लागतो.