फडक्यावर उतरणारा रंग : मोटारीच्या घोटाईचा इतिहास आणि घरगुती यंत्राची निवड

मराठीत घोटणे हा शब्द अक्षराला, भाजीला आणि कागदाला जसा लागतो तसाच तो रंगालाही लागतो, आणि मोटारीच्या पृष्ठभागाला चकाकी आणण्याच्या कामासाठी त्याहून नेमका शब्द सापडणे कठीण आहे. हातकागदाचा खरखरीतपणा गुळगुळीत दगडाने घोटून घालवला जाई. मोटारीच्या रंगाचेही तत्त्व फारसे निराळे नाही. पृष्ठभाग सपाट असला तर त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो व रंग खोल आणि चमकदार दिसतो, आणि तो बारीक ओरखड्यांनी भरला असला तर प्रकाश विखुरतो व रंग मंदावतो. पॉलिश करणे म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या लेपाने रंगाचा वरचा पापुद्रा झिजवून ओरखड्याच्या तळाशी आणणे, तर मेण लावणे म्हणजे काहीही न झिजवता वर संरक्षक थर चढवणे. बाजारात या दोन्ही क्रिया सर्रास एकाच नावाने ओळखल्या जातात, आणि घरी वापरायचे यंत्र निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या सरमिसळीत आहे.

मोटारीच्या पहिल्या पिढीला स्वतःचा असा रंगच नव्हता. बग्गी आणि घोडागाडी रंगवणाऱ्या कारागिरांचे तेलकट व्हार्निश तिने जसेच्या तसे उचलले. मुंबईत १८९८ साली पहिल्या मोटारी आल्या तेव्हाही जगभर हीच रीत होती. जवसाच्या तेलात राळ शिजवून केलेले हे व्हार्निश हवेतील ऑक्सिजन घेऊन सावकाश सुकत असे, आणि प्रत्येक हात सुकल्यावर तो प्यूमिस या ज्वालामुखीजन्य सच्छिद्र दगडाच्या पुडीने, पाण्याने आणि नमद्याच्या तुकड्याने घासून सपाट करावा लागे, म्हणून एका गाडीच्या रंगकामात कित्येक आठवडे जात. घोटाई ही या काळात गाडी तयार करण्याचीच एक पायरी होती. गाडी विकत घेतल्यानंतर मालकाने करायचे काम म्हणून तिची ओळख अजून झालेली नव्हती.

हे चित्र बदलले ते १९२३ साली. अमेरिकेतील ड्यूपाँट या स्फोटके बनवणाऱ्या कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने ‘ड्युको’ नावाचा रंग बाजारात आणला आणि १९२४ च्या ओकलंड मोटारीवर तो निळ्या छटेत झळकला. हा रंग नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणाऱ्या पदार्थाचा होता. बंदुकीच्या धूरविरहित दारूशी त्याचे थेट नाते होते. तो फवाऱ्याने मारता येई आणि द्रावक उडून गेला की लगेच सुकत असे, त्यामुळे आठवड्यांचे काम दिवसांवर आले. मात्र फवाऱ्यातून आलेला हा थर मंद दिसे आणि त्याला चमक आणण्यासाठी तो घासावाच लागे. पुढे उन्हापावसात त्याच्या वरच्या थराची भुकटी होऊ लागली की पुन्हा घासावा लागे. रंगवण्याचा वेळ वाचला, पण घोटाई कारखान्यातून निघून गाडीबरोबर मालकाच्या दारी आली.

या नव्या गरजेवर एक मोठा व्यापार उभा राहिला. शिकागोत १९१० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सिमोनाइझ’ या कंपनीचे नाव इतके रूढ झाले की गाडीला मेण लावणे या अर्थी इंग्रजी कोशांत तिच्या नावाचे क्रियापद दाखल झाले. या मेणांतील सर्वांत प्रतिष्ठित घटक म्हणजे कार्नौबा, अर्थात ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर जमणारे कठीण मेण, जे ८० अंश सेल्सिअसच्या पुढेच वितळते आणि म्हणून तापलेल्या पत्र्यावरही टिकते.

भारतात ड्युको या नावाने कंपनीची हद्द ओलांडली. आजही सुतारकामात आणि गॅरेजात फवाऱ्याने मारलेल्या चकचकीत रंगाला सरसकट ड्युको म्हटले जाते, मग डबा कोणत्याही कंपनीचा असो. आयातीवरील निर्बंधांमुळे आणि मोजक्याच देशी कारखान्यांमुळे येथील गाडी दीर्घायुषी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, एका घरात दोन पिढ्या वापरली जाणे नवलाचे नव्हते, आणि तेवढ्या काळात तिला लांबी भरून, ओला पॉलिशपेपर मारून पुन्हा रंगवणे क्रमप्राप्तच होते. अशा रंगावर ‘रबिंग’ करणाऱ्या कारागिराचे सर्वांत भरवशाचे मोजमाप त्याच्या हातातील फडके होते. ओल्या बोळ्यावर रबिंगचा लेप घेऊन बॉनेटवर लहान वर्तुळे काढली की काही क्षणांतच फडके गाडीच्या रंगाचे होई : निळ्या गाडीचे निळे, काळ्या गाडीचे काळे. आधी उतरे ती मेलेल्या रंगाची फिकट भुकटी, आणि फडक्यावरची छटा गडद व ताजी होऊ लागली की अनुभवी हात थांबत असे, कारण त्यापुढे जिवंत रंग जाऊ लागला हे त्याला दिसत असे. किती झिजवले याची नोंद कामातच, डोळ्यांसमोर होत होती, आणि या कारागिरीचा खरा आधार हाच होता.

यंत्र या कामात शिरले ते दुसऱ्याच धंद्यांतून. पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीला १९१७ साली मिळाले, आणि १९४६ पासून तिने घरगुती वापराची स्वस्त ड्रिले विकायला सुरुवात केल्यावर त्यांच्या तोंडाशी रबरी चकती व लोकरीची टोपी बसवून गाडी घासणे हा सुट्टीच्या दिवसाचा उद्योग झाला. जर्मनीत फ्लेक्स या कंपनीने १९२८ साली काटकोनी डोक्याचे घर्षणयंत्र, म्हणजे आजच्या ग्राइंडरचा पूर्वज, बाजारात आणले. त्याच धाटणीच्या, पण मंद गतीच्या यंत्रांतून व्यावसायिक पॉलिशयंत्र घडत गेले. ही सर्व यंत्रे कुंभाराच्या चाकाप्रमाणे एका स्थिर आसाभोवती फिरतात, त्यामुळे चकतीच्या कडेचा वेग मध्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो आणि एकाच जागी रेंगाळल्यास उष्णता साठते. ड्युकोच्या अनेक हातांच्या जाड थरावर हा धसमुसळेपणा खपून जात असे.

पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअर कोटची, पद्धत पसरली आणि यंत्राला मिळणारी ही मोकळीक संपली. या पद्धतीत रंगाचा पातळ थर खाली राहतो आणि चमक व ऊन-पावसापासून संरक्षण ही दोन्ही कामे वरचा रंगहीन थर करतो, ज्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. सूर्याची अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये याच थरात असल्याने तो संपवणे तर सोडाच, पण बराच पातळ करणेही खालच्या रंगाच्या मुळावर येते. आणि या थरावर फडके फिरवले तर ते पांढरेच राहते. कारागिराला थांबवणारी खूण नाहीशी झाली. नव्या रंगाने केलेले हे सर्वांत मोठे नुकसान होय, आणि त्याची दखल फारच कमी घेतली गेली आहे. यातून एक उपयुक्त चाचणी मात्र मिळते : बॉनेटच्या कोपऱ्यावर पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासले आणि फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर रंग जुन्या पद्धतीचा आहे, उतरला नाही, तर वर पारदर्शक थर आहे.

या पातळ थराला मानवणारी गती लाकूडकामातून आली. सुताराच्या रँडम ऑर्बिटल घर्षणयंत्रात चकती मोटरच्या दांड्यावर थेट बसवलेली नसते. दांड्यापासून किंचित बाजूला असलेल्या बेअरिंगवर ती मोकळी असते. त्यामुळे धान्य चाळताना चाळणी जशी हातात लहान वर्तुळे घेत हेलकावते तशी चकती हेलकावते, आणि त्या ओघात स्वतःभोवतीही सावकाश फिरते. दोन गती एकत्र आल्याने कोणताही कण पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जात नाही, म्हणून सूर्यप्रकाशात दिसणारे वर्तुळाकार ओरखडे राहत नाहीत. आणि हात जड पडला तर स्वतःभोवतीचे फिरणेच थांबते, म्हणजे चुकीच्या क्षणी यंत्र आपोआप सौम्य होते. अमेरिकेतील पोर्टर-केबलचे ७४२४ हे यंत्र हौशी वापरकर्त्यांत लोकप्रिय झाले ते या गुणामुळेच. इटलीच्या रुपेस कंपनीने पुढे हेलकाव्याचे वर्तुळ १५ आणि २१ मिलिमीटर व्यासापर्यंत वाढवून व्यावसायिकांचा वेळ वाचवला, पण घरच्या गाडीला त्या वेगाची निकड नसते.

वर्षातून एखाद्या वेळी, स्वतःच्या एकाच गाडीसाठी स्वस्त यंत्र घेणाऱ्यापुढे आज जे पर्याय येतात त्यांतील प्रत्येक या इतिहासातील एकेका काळाचा अवशेष आहे. ड्रिलला लावायची लोकरी टोपी सर्वांत स्वस्त खरी, पण ती जाड रंगाच्या काळातील असून ड्रिलचे बेअरिंगही बाजूचा दाब सोसण्यासाठी घडवलेले नसते. लहान ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, तर पॉलिशच्या फिरत्या यंत्राला ६०० ते ३,००० फेरे पुरतात, म्हणून गतिनियंत्रण नसलेल्या ग्राइंडरवर फोम चढवून गाडीजवळ नेणे धोक्याचेच आहे. दोन मुठींचे, सुमारे दहा इंची चकतीचे स्वस्त यंत्र मेण पसरवण्यास चांगले, पण ओरखडे काढण्याइतका जोर त्यात नसतो. उरते ते आठ मिलिमीटर हेलकाव्याचे, पाच इंची चकतीचे, गती कमीजास्त करता येणारे साधे रँडम ऑर्बिटल यंत्र, आणि अशा वापरासाठी तेच निःसंशय योग्य आहे. ते वायरीचे असावे, कारण महिनोन्‌महिने पडून राहणारी बॅटरी हळूहळू निकामी होते. वाचलेले पैसे तीन-चार जादा फोम चकत्या, स्वच्छ मायक्रोफायबर फडकी आणि सौम्य लेप यांवर घालावेत, कारण रंगाला प्रत्यक्ष स्पर्श यांचा होतो.

गाडी धुऊन, सावलीत पत्रा थंड झाल्यावर, हातभर लांबी-रुंदीचा एकेक भाग घेऊन काम करावे आणि दाराच्या कडा व उभार रेषांवर चकती जपून न्यावी, कारण तेथे थर सर्वांत लवकर झिजतो. कामाला लागण्यापूर्वी चकतीमागच्या काळ्या रबरी तळाच्या कडेवर पांढऱ्या मार्करने एक जाड रेघ ओढावी. यंत्र चालू असताना ती रेघ फिरत राहिली तर दाब योग्य आहे. ती एका जागी थरथरताना स्पष्ट दिसू लागली, की हात हलका करावा.